वुनासोरीच्या फाटकावरचं पान

१

पाहुणीची गाडी नदीच्या वळणावर दिसायला लागली, आणि नेमकी त्याच वेळी चीफ मोलिवुरूंना फाटकावरची पानं दिसली. नमेले ह्या माडासारख्या झाडाची दोन लांब, ताठ पानं, एकमेकांवर फुली मारून काथ्याने आवळून बांधलेली. गावातल्या बायकांनी स्वागताचं गाणं नुकतंच उचललं होतं. ते दुसऱ्या ओळीलाच बसलं.

नमेलेचं पान म्हणजे बंदी. सान्तो बेटावर हे शेंबड्या पोरालाही कळतं. ज्याने डुक्कर मारून मान मिळवलाय त्यानेच ते बांधायचं, आणि भांडण मिटल्याशिवाय ते उतरवायचं नाही. तोवर मंत्री येवो की पाद्री, ते ओलांडायची कुणाची छाती होत नाही. ज्याने बांधलं तो एकटा तेवढा खुशाल आत-बाहेर करू शकतो.

लेसावी फाटकापाशीच उभी होती. लुगानव्हिलच्या गुंतवणूक कार्यालयात परदेशी कंपन्यांना जागा दाखवणं, त्यांची कागदपत्रं हलवणं आणि त्यांच्या तक्रारी गोड मानून घेणं हे तिचं काम. एफाते बेटावरून ती इथे नोकरीला आली आणि ह्याच वुनासोरी गावची सून झाली. ऑफिसात काही हरवलं, कुणी थाप मारली, की साहेब म्हणायचे, 'लेसावीला बसवा समोर.' ती आवाज न चढवता विचारत राहायची, आणि माणूस शेवटी कंटाळून खरं बोलायचा. 

गाडीतून अ‍ॅलिसन प्रायर उतरली. ब्रिस्बेनच्या कंपनीने तिला काव्हाच्या कारखान्यासाठी देश निवडायला पाठवलं होतं. काव्हा म्हणजे गुंगी आणणारं पेय; ज्या मुळांचं ते करतात ती इथेच धुऊन, वाळवून, दळून बाहेर पाठवायची. जागा ह्याच फाटकामागची; निम्म्या गावाला काम. वयाने पन्नाशीची, उन्हाने भाजलेली, कमी बोलणारी बाई. तिच्यामागून तिचा इथला दलाल कॉर्टे उतरला. बाप फ्रेंच मळेवाला, आई सान्तोची, जन्म इथलाच.

प्रायरबाईने पानांकडे बोट केलं. "हे काय?"

"तोरण," कॉर्टे हसून म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही त्याची. "स्वागताचं. आमच्या झेंड्यावर पण आहे बघा, शांततेची खूण."

बाईने लेसावीकडे पाहिलं. लेसावीने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"छान," प्रायरबाई म्हणाली. "मग तोरणाखालून आत जाऊ या."

कुणीही जागचं हललं नाही. कॉर्टेसुद्धा.

२

शेवटी चीफनीच वेळ मारून नेली. आधी शहाळं घ्या, ऊन उतरलं की जागा बघू, असं म्हणत त्यांनी पाहुणीला शाळेच्या ओसरीवर नेऊन बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी ठाण मांडलं. कॉर्टेने लेसावीला झाडाआड गाठलं.

"मी सार्जंट बुलेला फोन केलाय. येईल आणि पान कापून टाकेल. वाकोनला उचलून नेईल."

"वाकोनकाकांनीच बांधलं हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं बाई, दुसरं कोण? हद्दीवरून जन्मभर कोण भांडतंय चीफशी?"

"पोलिसांनी पान कापलं तर गावात डोकी फुटतील, कॉर्टेसाहेब."

"फुटू देत. बाई उद्या विमानात बसते. तिच्या फॉर्मवर जमिनीचा रकाना आहे. तिथे 'वाद नाही' असं पडायला हवं, बस."

सार्जंट बुले आला तेव्हा लेसावीने त्याला गाठून हात जोडले. बुले मुळात भला माणूस, आणि नमेलेला हात लावायची त्याचीही इच्छा नव्हतीच. पण वरून हुकूम होता. "दुपार कलेपर्यंत थांबतो, ताई," तो म्हणाला. "तोवर बांधणारा शोधा आणि त्याच्या हाताने उतरवा. नाहीतर मी कोयता काढला म्हणून मला शिव्या देऊ नका."

हा कारखाना लेसावीला नुसता ऑफिसपुरता हवा होता असं नाही. तिचा नवरा योएल न्यूझीलंडमध्ये द्राक्षांच्या मळ्यात छाटणीला जाऊन बसला होता. दर हंगामाला जायचा, थोडेच दिवस यायचा, पुन्हा जायचा. धाकटी लेक त्याला फोनमधला माणूस समजत होती. कारखाना आला तर मुकादमाची जागा त्याला मिळणार, असा कंपनीशी शब्द झालेला. पुढच्या हंगामाच्या करारावर सही करायची की नाही, हे तो आज संध्याकाळी फोन करून विचारणार होता. गावात असे नवरे, असे बाप, असे मुलगे घरटी एक होते.

तिने फाटकापाशी जाऊन नीट पाहिलं. प्लॉटला चारी बाजूंनी काटेरी तार, मागे नदीचा उभा कडा, आणि आत जायला हे एकच फाटक. आत फाटकाजवळच्या खुंटाला तिच्या सासूबाईंची तांबडी गाभण गाय बांधलेली. तिच्याभोवतालचं गवत खाऊन खाऊन उघडी माती दिसत होती. सासूबाईंचा गुडघा धरल्यापासून त्या गायीचा दोर हलवायचं काम येणारा-जाणारा करायचा. कधी चीफ, कधी वाकोन. आज तिला कोण हलवणार? ती बिचारी मान लांब करून पलीकडच्या उंच गवताकडे बघत होती.

पानांचे देठ कोयत्याने एका घावात तोडलेले होते. गाठ जुन्या पद्धतीची, पक्की. बांधणाऱ्याला आपण काय करतोय हे पुरतं ठाऊक होतं.

आणि गावात तो मान मिळवलेली माणसं उरली होती दोनच. एक चीफ, आणि दुसरा त्यांचा वैरी.

३

वाकोन आपल्या खोबऱ्याच्या भट्टीपाशी बसला होता. धुराने डोळे लाल, आवाज घोगरा.

"ये सूनबाई, ये. चोराला धरायला आलीस?"

"विचारायला आले, काका."

"मग ऐक. मी पान बांधलं असतं ना, तर त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो असतो. ढोल बडवला असता. मोलिवुरूची फजिती करायची आणि नाव नको सांगायला? एवढं फुकट काम मी आयुष्यात केलं नाही."

लेसावीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "मग कुणी बांधलं असेल?"

"ज्याला तोंड उघडता येत नाही त्याने," वाकोन म्हणाला. "पान कधी बोलतं? माणसाला बोलायची सोय नसते तेव्हा. जा, तुझ्या थोरल्या सासऱ्याला, त्या मोलिवुरूला विचार. सही करून बसलाय, आता पस्तावला असेल."

बोलणं संपायच्या आत सार्जंट बुले आला आणि त्याने वाकोनला आपल्या गाडीत सावलीला बसवून ठेवलं. अटक नव्हे, नुसती नजर, असं तो म्हणाला. वाकोनने जाताना चिलीम मात्र बरोबर घेतली.

चीफना ओसरीवरून बाजूला घ्यायला लेसावीला बरीच खटपट करावी लागली. हे तिच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे गेल्यापासून घरातलं वडीलधारं माणूस तेच.

"मोठे मामंजी, तुमच्या जागेवर दुसऱ्याने पान बांधलं. तुम्ही दंडाचं डुक्कर मागितलं नाहीत."

चीफ ओसरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाहुणी आहे. तिच्यासमोर तमाशा नको."

"गावाला गोळा करून जाबही विचारला नाहीत."

"तू माझी सून आहेस की सार्जंटची?"

"आत्ता ऑफिसची आहे, मामंजी. रागावू नका. कारखान्याला जमीन द्यायचा पट्टा करताना सगळ्यांना विचारलं होतं ना?"

"नाकामालच्या बैठकीला सगळे होते. सगळ्यांनी काव्हा घेतला. एकानेही नाही म्हटलं नाही." ते घाईने उठले. पाहुणी एकटी बसलीय, एवढं कारण त्यांना पुरलं. लेसावीला वाटलं, म्हातारा काहीतरी लपवतोय. निदान त्याला असं काहीतरी आठवतंय, जे आठवायला नकोय.

उरला कॉर्टे. त्याचा एक मित्र पलीकडच्या खाडीत जागा विकायला टपलाय, हे सगळ्या लुगानव्हिलला माहीत होतं. वुनासोरी फिसकटलं तर त्याची तिथे चांदी होती.

"मी बांधलं म्हणतेस?" कॉर्टे खदखदून हसला. "मला डुकराचं मांस कापता येत नाही नीट, मान कुठला. आणि मीच बांधलं असतं तर मीच कापायला पोलीस कशाला आणेन? पान राहू दिलं असतं की."

त्याचं म्हणणं खरं होतं. शिवाय सकाळी 'तोरण' म्हणणाऱ्या ह्या माणसाचा पाय फाटकापाशी जमिनीला खिळला होता, हे लेसावीने स्वतः पाहिलं होतं.

तिघांनाही विचारून झालं. तिघांनीही नाही म्हटलं, आणि तिची पंचाईत अशी की तिघांचंही तिला पटलं.

४

ती डोकं धरून सासूबाईंच्या घरी आली. सून सासूचं नाव घेत नाही. गाव त्यांना 'अंबाएची' म्हणायचं, कारण त्या लग्न होऊन अंबाए बेटावरून आलेल्या. इथे सगळा जन्म गेला, नातवंडं झाली, तरी अंबाएचीच.

सासूबाई दारात बसून सुरण किसत होत्या. भट्टीतल्या दगडांवर किसलेल्या सुरणाचं लापलाप शिजत होतं, केळीच्या पानाचा आणि नारळाच्या दुधाचा वास सुटला होता. लेसावीच्या हातात त्यांनी न बोलता वाढलेलं पान दिलं.

"सापडला?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. सगळ्यांना विचारून झालं."

"सगळ्यांना?"

"हो. मामंजींना, वाकोनकाकांना, कॉर्टेला."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा किसायला लागल्या.

त्यांच्या झग्याच्या घेराला कुसळं चिकटली होती. लेसावीने जेवता जेवता सवयीने ती एकेक काढून टाकली. म्हातारीला वाकवत नाही, एवढाच विचार तिच्या मनात आला. तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे आणि संध्याकाळच्या फोनकडे होतं.

"गुडघा कसाय?"

"आहे. चालवलं की चालतो."

जेवून ती पुन्हा फाटकाकडे गेली. तिथे कुणी नव्हतं. पानं तशीच होती, गाठ तशीच. तारेवर एक पक्षी बसला होता. ती वळणार, एवढ्यात तिचा पाय थबकला.

फाटकाजवळच्या खुंटाला गाय नव्हती.

गाय प्लॉटच्या पार दुसऱ्या टोकाला होती, नदीच्या अंगाला, बुरावच्या झाडाला बांधलेली. पोट भरलेलं, तोंड ओलं, आणि समोर उंच हिरवं गवत. कुणीतरी दिवसाउजेडी आत गेलं होतं, तिला पाणी पाजलं होतं, चांगल्या चाऱ्यावर बांधलं होतं, आणि बाहेर आलं होतं.

बंदीच्या आत. पानांखालून.

५

लेसावी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. 

पान ओलांडायची मुभा एकालाच. म्हणजे ज्याने गाय हलवली त्यानेच पान बांधलं. दुसऱ्या कुणाला गायीची दया आली असती तरी तो तारेबाहेर उभा राहून हळहळला असता. आणि बांधणाऱ्याच्या डोक्यात हे आलंच नसणार. त्याला स्वतःला बंदी नव्हती ना. आपण मोकळे आहोत हीच आपली ओळख पटवणारी खूण आहे, हे मोकळ्या माणसाच्या कसं लक्षात येणार? गाय उपाशी दिसली, तो आत गेला. रोजच्यासारखा.

आता माणसं. चीफ सकाळपासून ओसरीवर प्रायरबाईच्या डोळ्यांसमोर. मध्ये उठले ते लेसावीशीच बोलायला. वाकोन तिच्याशी बोलून थेट सार्जंटच्या गाडीत. कॉर्टे ओसरीवरच तिसऱ्या खुर्चीवर, आणि त्याचे पांढरे बूट अजून पांढरेच. तिघांपैकी एकही नाही.

मग मान मिळवलेलं तिसरं कोण?

तिला आठवलं, ती नवी सून असताना घराच्या आढ्यातून चटई काढायला चढली होती. चटईत गुंडाळलेलं डुकराच्या वळलेल्या सुळ्याचं कडं तिच्या हाताला लागलं होतं. "सासऱ्यांचं का?" तिने विचारलं होतं. सासूबाईंनी ते तिच्या हातून घेतलं, पुसलं आणि म्हणाल्या, "माझं. आमच्या अंबाएला बायकाही डुक्कर मारून मान मिळवतात." लेसावीने तेव्हा ते हसण्यावारी नेलं होतं.

आणि झग्याच्या घेराची कुसळं. गायीने भुईसपाट केलेल्या जागेत कुसळं कुठली? ती उंच गवतातली. तिने स्वतःच्या हाताने एकेक काढून चुलीत टाकली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. हिला ते हातात घेऊनही दिसलं नव्हतं.

लेसावीला रडू कोसळेल असं वाटलं. सांगावं तर सासूची गावासमोर शोभा. ह्या गावात बाईने पान बांधल्याचं कुणी ऐकलेलं नाही. चीफ दंड ठोकतील, बाहेरची म्हणून हिणवतील. न सांगावं तर वाकोन तुरुंगात आणि पानाला कोयता. तिसरी वाटही होती. घरी जाऊन सासूबाईंपाशी बसायचं आणि विचारायचं. पण तेवढ्यात खालून बुलेची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तिच्या मनात दुसरंही काहीतरी होतं. सकाळी ती बुटांकडे बघत राहिली होती. आता प्रायरबाईच्या देखत सत्य बाहेर काढून दाखवायचं होतं तिला.

फाटकासमोर माणसं गोळा व्हायला लागली. बुलेच्या हातात कोयता होता. आणि आत, झाडापाशी, गाय हंबरली.

६

दोराला बांधलेली गाय करते तेच तिने केलं होतं. झाडाभोवती फिरत राहिली आणि सगळा दोर खोडाला गुंडाळून बसली. आता मान खोडाला आवळलेली, डोळे पांढरे झालेले, आणि पोटात वासरू. ती मागे ओढत होती, तसा फास घट्ट होत होता.

सगळं गाव तारेला लागून उभं होतं. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. पाय कुणी उचलला नाही.

लेसावी पुढे झाली. तिने आवाज चढवला नाही.

"सार्जंटदादा, कोयता खाली ठेवा जरा. गाय फासात अडकलीय. ज्याने पान बांधलं त्याला आत जाता येतं. त्याने जावं आणि तिला सोडवावं. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

गाडीतून वाकोन ओरडला, "मला जाता आलं असतं तर आत्ता पळत गेलो असतो. मरेल ना रे ती!"

चीफनी मान खाली घातली. कॉर्टे प्रायरबाईच्या कानाशी काही बोलायला लागला; तिने हाताने त्याला थांबवलं.

गाय पुन्हा हंबरली, पण आवाज घशातच अडकला.

बायकांच्या घोळक्यातून सासूबाई उठल्या. एक हात गुडघ्यावर, एक हात शेजारणीच्या खांद्यावर. कुणाकडे न बघता त्या फाटकापर्यंत आल्या, कडी काढली, पानांखाली वाकल्या आणि आत गेल्या.  त्या लंगडत गायीपर्यंत पोचल्या, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि खोडाभोवती उलट्या दिशेने फिरत दोर सोडवत राहिल्या. एवढ्या शांततेत त्यांचं पुटपुटणं सगळ्यांना ऐकू येत होतं. "झालं हं. झालं. वेडाबाई."

परत येऊन त्या फाटकाच्या आतच उभ्या राहिल्या. चीफ त्यांचे थोरले दीर. त्यांच्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. त्यांनी चीफकडे पाठ केली आणि सुनेकडे बघून बोलल्या.

"सांग त्यांना. हा तुकडा माझ्या नवऱ्याने मला लावणीला दिला. तो गेल्यावरही कुणी परत मागितला नाही. सगळं गाव ह्यातला सुरण खातं. मग पुरुष नाकामालमध्ये बसले, काव्हा प्याले आणि सही केली. बायका नाकामालमध्ये जात नाहीत. मला कळलं ते दुकानातल्या रेडिओवरून. नातवाचा नातू म्हातारा होईल तोवरचा पट्टा, आणि मला रेडिओवरून."

"आई, तुम्हाला कारखाना नको आहे का?"

"नको कशाला असेल? माझा योएल परत आला तर मला नकोय? मी नाही म्हटलेलं नाही. मला विचारलेलं नाही."

चीफना आता बोलणं भाग होतं. "ह्या गावात बाईला पान बांधायचा हक्क नाही," ते म्हणाले. आवाज मोठा होता, पण त्यात जोर नव्हता.

वाकोन गाडीच्या खिडकीतून बाहेर झुकला. "मग सकाळपासून आपण सगळे बाहेर का उभे आहोत, मोलिवुरू? बाईच्याच पानाला थांबलो ना? तू पण थांबलास."

 बुलेने कोयता गाडीत ठेवला आणि वाकोनसाठी दार उघडलं.

सासूबाईंनी पानांची गाठ स्वतःच्या हाताने सोडली. "ह्या बाईला माझी जागा बघू दे," त्या म्हणाल्या. "बघायला कुणाची हरकत आहे?"

७

प्रायरबाईने जागा बघितली. नदीचं पाणी हातात घेऊन पाहिलं, मातीत टाच रुतवली, सासूबाईंकडून गायीचे महिने विचारून घेतले. निघताना तिने लेसावीला गाडीपाशी बोलावलं.

"नमेले म्हणजे काय हे मी येण्याआधी वाचलं होतं," ती म्हणाली.

लेसावीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"फॉर्मवर खूप रकाने आहेत, लेसावी. परवाना किती दिवसांत, वीज किती तास, कर किती. ते मी हॉटेलात बसूनही भरते. इथवर येते ती एवढंच बघायला, की काही बिघडलं तर पहिल्या घटकेला इथली माणसं मला काय सांगतात. मला तोरण सांगितलं गेलं. आणि सरकारची बाई बुटांकडे बघत होती."

"पण शेवटी खरं बाहेर आलं. इथल्याच माणसांनी आणलं."

"आलं. ते मी लिहीन. पट्टा नव्याने करा, त्या बाईंची सही घ्या, मग मला बोलवा, हेही लिहीन." तिने दार ओढून घेतलं, मग काच खाली केली. तिचा चेहरा कडक नव्हता. "पण माझ्या वरच्यांना दुसऱ्या एका देशातली जागा आवडलीय. ते थांबतील असं मला वाटत नाही. तुला खोटं सांगून काय मिळवू?"

गाडी वळणाआड गेली. कॉर्टे त्याच गाडीत होता, आणि पलीकडच्या खाडीतल्या मित्राचंही आता त्याला काही सांगवत नसणार. बायका स्वागताचे हार परत घेऊन घरी गेल्या.

लेसावी घरी आली तेव्हा सासूबाई दारात पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत होत्या. ती त्यांच्याशेजारी बसली. 

"गाय बरी आहे?" लेसावीने विचारलं.

"आहे. मानेला वळ उठलाय." सासूबाईंनी तेलाची बाटली बंद केली. "तुला कळलं होतं ना? मी उठायच्या आधी?"

"हो."

"मग घरी का नाही आलीस?"

 वेळ नव्हता म्हणावं तर तेवढंच खरं नव्हतं.

"तुझ्या मोठ्या मामंजींनी विचारलं नाही, त्याचं मला काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्यांची रीतच तशी. पण तू दुपारी माझ्या हातचं जेवलीस. सगळ्यांना विचारून झालं म्हणालीस. मी किसत बसले होते, वाटलं, आता विचारील. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं गं. पान पण उतरवलं असतं. मग चारचौघांत मला माझ्या गायीच्या गळ्याला बांधून ओढून न्यायची पाळी आली नसती तुझ्यावर."

लेसावी रडायला लागली. सासूबाईंनी तिला समजावलं नाही, आणि दूरही सारलं नाही. तेलकट हात झग्याला पुसत त्या बसून राहिल्या.

फोन वाजला. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता आणि योएल घाईत होता. मळ्याचा माणूस कागद घेऊन समोर उभा होता म्हणे. "काय झालं गं? आली का कंपनी? सही करू की नको?"

लेसावीने फोन कानापासून बाजूला घेतला. "आई," ती म्हणाली, "योएल विचारतोय. काय सांगू?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून फोन घेतला, आणि तो कुठल्या बाजूने धरायचा हे क्षणभर चाचपत राहिल्या.

"कर बाबा सही," त्या म्हणाल्या. "ह्या वर्षी तरी कर."